रंगारी मॅडमचे धुरे

पांढुर्ण्याचा पोट्टा लिहाले बसला म्हणजे आता हा गोटमारचं सांगन, असं तुमाले वाटलं असन. सावरगाववाले तिकून, आम्ही इकून, मधात जाम नदी, दगडं, रक्त, अँब्युलन्स. नाई सांगत. त्याच्यात माहा एक दात गेला, त्याच्यापुढं सांगण्यासारखं काही घडलं नाई.

दुसरं, पर्यावरणवाल्या बाईवर लिहून राहिला म्हटलं का तुमच्या डोळ्यापुढं कोण येते ते मले माहीत आहे. खांद्यावर झोळी, गळ्यात मण्याची माळ, चिमण्याईसाठी वाटीत पाणी, आन् बोलणं इतकं हळू का जसं बाजूच्या खोलीत कोणी आजारी झोपून आहे. रंगारी मॅडमचा आवाज भाजीबाजारातला होता. चिमण्याईसाठी वाटी ठेवल्याचं मी कधी पाहिलं नाई. वृक्षारोपणाले बोलावलं तं म्हणे, "मले वेळ नाई, आन् त्या झाडाले बी नाई."

तिसरं, असं लिहिणं म्हटलं का शेवटी माणूस मरते आन् वाचणारा डोळे पुसते. मॅडम मेल्या नाईत. दूरच्या एका मोठ्या शहरात आहेत, एसीच्या खोलीत बसून दुसऱ्याईचे अहवाल तपासतात. मरण्यापेक्षा हे बरं आहे का, ते मी नाई ठरवत.

आता माहं थोडक्यात. माहा धंदा तोंडाचा. ऑटोवर भोंगा बांधून साडीच्या सेलची जाहिरात, हरवलेलं पोरगं, नळ येणार नाई याची सूचना. लग्नात आन् गणपतीत नकला. म्हणून सगळं गाव मले भोंगा म्हणते. एक दिवस स्टेशनपाशी चहाच्या टपरीवर मी अनाउन्सरीण बाईचा आवाज काढून राहिलो होतो, "यात्रीगण कृपया ध्यान दें", तं बाजूच्या बाकड्यावरचे नवरा-बायको पेटी उचलून प्लॅटफॉर्मकडं पळाले. सगळे हसले. एक बाई नाई हसली. साडी, साडीवर माणसाचा फुल बाह्याचा शर्ट, जसा निंदणाच्या बाया घालतात, आन् चष्मा कपाळावर. पायाले चिखल.

"मधमाशी येते का?" म्हणे.

मी म्हटलं, हे काय कठीण. दात चावून भुणभुण लावली.

"ही गोमाशी झाली. ढोराच्या पाठीवरची. मधमाशी काढ."

मी आवाज बारीक केला.

"हे मच्छर झालं. उद्या सकाळी ये, दाखवतो तुले."

दुसऱ्या दिवशी मले एका संत्र्याच्या बगीच्यात नेलं. आंबिया बहाराचा फुलोरा होता, वासानं डोकं भणभणत होतं. मॅडमनं फळं भराचा प्लास्टिकचा कॅरेट उलटा टाकला, त्याच्यावर बसल्या, दुसरा माह्याकडं सरकवला. "आईक." मी ऐकलं. लय वेळानं समजलं का माशी सारखी भुणभुणत नाई. उडते तेव्हा आवाज, फुलावर बसली का गप. मंग पुन्हा आवाज. मी तसा काढून दाखवला तं मॅडमनं पहिल्यांदा माह्याकडं नीट पाहिलं. म्हणे, "काम करते तेव्हा गप राहते. तुले हे शिकता नाई येणार, पण नोकरी देतो."

काम असं होतं का आसपासच्या गावात भोंगा फिरवाचा आन् सांगाचं, फुलोऱ्यात फवारणी करू नका, वावराचे धुरे जाळू नका.

मॅडम सौंसरच्या. तिथीच शाळा, नागपूरले कॉलेज, मंग विदेश, मंग मोठी संस्था. त्याईचं शास्त्र म्हणजे जंगलात, वावरात, नदीत कोण कोणाच्या जिवावर जगते ते शोधाचं. आन् बाजार कसा चालते, ते दुसरं शास्त्र. या दोन शास्त्रवाले एकमेकाच्या घरी जेवत नाईत. मॅडमले त्याईची सोयरीक जुळवाची होती. त्याईचं म्हणणं सोपं होतं: कास्तकाराच्या वावरात माशी, माती, झुडपं जे काम करतात, ते कोणी हिशोबात धरतच नाई. न धरलेलं काम आधी मरते. ते बाजारानं धरलं पाहिजे, संत्र्याच्या भावात ते दिसलं पाहिजे, तं ते टिकन.

याचं त्याईनं एकच वाक्य बनवलं होतं. कोठीही गेल्या का विचारत, "अठी फुकट काम कोण करून राहिलं?" सरपंचाच्या घरी मीटिंग असो, चहा आला का पहिला प्रश्न, "हा कोणं केला? फुकट ना?" आतली सूनबाई दाराआडून हसे. एका लग्नात जेवता जेवता पंगतीतून उठल्या आन् मागं पुऱ्या लाटणाऱ्या बायाईत जाऊन बसल्या. नवरदेवाचा बाप घाबरला, का जेवणात काही निंघालं.

नक्कल करणाऱ्यासाठी मॅडम म्हणजे दिवाळी. चष्मा सदा कपाळावर आन् सदा शोधत, "चष्मा कोठी गेला बे?" संत्रं सोललं का साल फेकत नसत, पर्समध्ये टाकत, म्हणून त्याईचा रुमाल, चाव्या, सगळं संत्र्यानं वास मारे. आवाज वरून सुरू होई, आन् वाक्याच्या शेवटी खाली नाई पडे, तिथीच थांबे. जसं पुढच्यानं पुरं कराचं आहे. पण सगळ्यात कठीण नक्कल त्याईच्या "मले माहीत नाई"ची. पीएचडी करून डॉक्टर झालेला माणूस हे तीन शब्द असे म्हणते का जसं दात काढून देऊन राहिला. मॅडम ते असे म्हणत का जसं कोणाले चहा विचारून राहिल्या.

घनश्यामसेठच्या गद्दीवर हे तीन शब्द मी लय ऐकले. सेठ पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी. बगीचे झाडावरच उक्ते घेत, फळाले हात न लावता, नुसत्या नजरेनं. मॅडम त्याईच्या गादीवर मांडी घालून बसत आन् सुरू.

"सेठ, ज्याचे धुरे जिवंत आहेत त्याचा माल वरच्या भावानं उचला."

"काहून? गोड जास्त हाय का?"

"नाई."

"टिकते जास्त?"

"मले माहीत नाई."

"अवो मॅडम, तं मंग मी गिऱ्हाईकाले सांगू काय?"

"फुलोऱ्यात माशी आली तं फळगळ थोडी कमी होते. आन् हे सांगा का या वावरात फवारणीनं माशी मेली नाई. जिवंत आहे."

सेठनं कपाळावर हात मारला. "खाण्याच्या वस्तूवर लिहू का माशी जिवंत हाय? त्यापेक्षा डब्यावर लिहून टाकू, बीपी कमी होते."

"होते का?"

"कोणाचं होतही असन!"

"मंग तुमचं करून दाखवा. आता मोजाले मशीन मागवू?"

सेठचं बीपी तिथीच वाढलं. पण माणूस व्यापारी होता. बाई खोटं बोलत नाई, हा बी एक माल आहे, हे त्याले समजलं. पुढं त्यानंच म्हटलं, "मॅडम, मोठ्या शहरातला खरेदीदार आणा तुम्ही, माल मी उचलतो."

आता धुऱ्याचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. दोन वावराच्या मधातला बांध म्हणजे आमच्याकडं धुरा. त्याच्यावर बोर, निर्गुडी, रुई, तरोटा, रायमुनिया, जे उगवते ते उगवते. आन् आमच्याकडं चांगला कास्तकार कोण, तं ज्याचा धुरा साफ. धुरा माजला म्हणजे घरचा माणूस दारुड्या असन, नाई तं भावाभावात भांडण असन, असं लोक रस्त्यानं जाता जाता ठरवून टाकतात. मॅडम अशा लोकाईले सांगत होत्या, धुरा माजू द्या.

एका गावानं ऐकलं. नाव नाई सांगत. तिथले लोक माह्यावर अजून खार खाऊन आहेत, आन् तिथली मिरची-भाकर मले अजून आवडते.

त्या गावचे नामदेवराव म्हणजे वयस्क, पांढरी टोपी, गावात त्याईचा शब्द चाले. पहिल्या वर्षी त्याईनं मॅडमले धुऱ्यावरच अडवलं. मी भोंगा बंद करून उभा होतो.

"मॅडम, हा कचरा ठेवू म्हणता?"

"कचरा नाई काका. मजुराईची वस्ती आहे ही."

"कोणते मजूर?"

"फुलोऱ्यात तुमाले माशी पाहिजे ना? मंग फुलोरा सरल्यावर सालभर तिनं कोठी राहाचं? काय खाचं? तुमच्या बगीच्यात तेव्हा एक फूल नसते. ते बोराचं झाड पाहा, त्याच्यात बारक्या माशीचं पोळं आहे. तोडलं का ते बिऱ्हाड गेलं. पुढच्या फुलोऱ्यात कोणाले बोलावसान?"

नामदेवरावनं वाकून ते पोळं पाहिलं. तळहाताएवढं होतं. मंग म्हणे, "मजूर तं मजूर. पण लोक माह्या घरावर हसतीन त्याचं?"

"त्याचं मले माहीत नाई," मॅडम म्हणाल्या.

लोक हसले. दोन साल हसले. मंग नामदेवरावचं पाहून दुसऱ्यानं ठेवला, तिसऱ्यानं ठेवला. हळूहळू ते गाव दुरून ओळखू येऊ लागलं, बगीच्याच्या मधामधात हिरव्या-करड्या दाट झुडपाच्या रेघा. नामदेवरावच्या सख्ख्या भावानं एकदा गुपचूप धुरा पेटवला तं नामदेवरावनं त्याच्याशी बोलणं सोडलं. भावाच्या पोरीच्या साक्षगंधाले बी गेले नाई. मॅडम समजवाले गेल्या तं त्याईलेच म्हणे, "मजुराईचं घर जाळते तो माहा भाऊ कायचा?"

मॅडमले बाहेर कोणी विचारत होतं का? एकदा मले भोपाळले घेऊन गेल्या. मोठा हॉल, गार हवा. एक शास्त्रज्ञ साहेब माइकवर हसत हसत म्हणाले, "डॉक्टर रंगारी तो अब मंडी में बैठती हैं।" सगळे हसले. दुपारी दुसऱ्या हॉलात अर्थशास्त्रवाले. तिथी एकानं विचारलं, "मैडम, मधुमक्खी को सैलरी देंगी क्या?" ते बी हसले. मॅडम म्हणाल्या, "सैलरी नहीं, बस घर मत तोड़िए।" कोणी लिहून नाई घेतलं.

परत येताना गाडी तिगावले उगाच उभी राहिली. मी त्या दोन्ही साहेबाईच्या नकला करून दाखवल्या, मॅडम लय हसल्या, खिडकीवर डोकं आपटलं इतक्या. मंग म्हणे, "दोन्ही घरी पाहुणी आहे मी, भोंग्या. बसाले पाट दोन्हीकडं भेटते. वाढत कोणीच नाई."

मंग ते साल आलं. मॅडमच्या खटपटीनं मोठ्या शहरातली एक खरेदीवाली कंपनी तयार झाली. त्याईची एक अट. धुरे आम्ही आमच्या डोळ्यानं पाहू. दाट आहेत, जुने आहेत, पोळी आहेत, हे दिसलं का भाव बांधून देऊ, आन् सेठ माल उचलन. इकडं मॅडमच्या संस्थेनं सांगून ठेवलं होतं का यंदा सौदा नाई झाला तं काम बंद, परत या. म्हणजे सगळं त्या झुडपाईवर होतं. शेजारच्या गावचे लोक बी कंबरेवर हात ठेवून पाहात होते, का यांले भाव भेटला तं आपणही धुरे ठेवू.

मॅडमनं शाळेच्या वरांड्यात गाव जमवलं. इतक्या खूश मी त्याईले कधी पाहिलं नव्हतं, चष्मा चक्क डोळ्यावर होता.

"होळी झाली का तिसऱ्या दिवशी पाहुणे येऊन राहिले. जिल्ह्याचे मोठे साहेब बी येतीन. तुमचे धुरे पाहाले येऊन राहिले, माहे नाई. काही कराचं नाई. फवाराचं नाई, लावाचं नाई, बॅनर बांधाचा नाई. फक्त आहे ते दाखवाचं."

नामदेवराव उठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही चिंताच नका करू. गावाची इज्जत आहे."

मॅडम सौंसरले भावाकडं गेल्या. होळीच्या दिवसात पांढुर्ण्यात माह्या नकलेच्या सुपाऱ्या होत्या, मी तिकडं. त्या गावात त्या दिवसात आमच्यातलं कोणी नव्हतं.

आता तुमीच सांगा, घरी पाहुणे येणार असले आन् कोणी म्हटलं का माह्यासाठी काही करू नका, तं कोणता घरधनी ऐकते? ते म्हणाचंच असते आन् हे कराचंच असते. मॅडमनं सगळं सांगितलं होतं, झाडू मारू नका एवढं सांगाचं त्याईच्या डोक्यातच नाई आलं. कोणाच्या येईन?

ठरल्या दिवशी जीपमध्ये पुढं मॅडम, मागं खरेदीवाल्या बाई आन् मी. मोठ्या साहेबाची गाडी मागून. गावचा फाटा वळलो आन् मले काही तरी वेगळं दिसलं, पण काय ते समजेना. मंग समजलं. वावरातून वावर दिसून राहिलं होतं. थेट, पार टेकडीपर्यंत. मधात काहीच नव्हतं.

धुरे सारवल्यासारखे साफ. दोन्ही बाजूनं चुन्याच्या पांढऱ्या रेघा. जागोजागी बुडखे, तेही कुऱ्हाडीनं सपाट केलेले, का कोणाच्या पायाले लागू नये. गावाच्या तोंडाशी रांगोळी, बाया आरत्या घेऊन, डफडं वाजून राहिलं होतं. आन् होळीच्या मैदानात राखेचा डोंगर. इतकी मोठी होळी त्या गावात कोणी पाहिली नसन.

मॅडमनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पाहिलं, मंग पुन्हा वर सरकवला.

नामदेवराव धावत आले. डोळे लाल, हाताले काट्याचे ओरखडे. आन् बाजूले कोण, तं तोच सख्खा भाऊ. बोलणं सुरू झालं होतं त्याईचं.

"मॅडम, पाहा! एक काडी नाई ठेवली! सारं गाव लागलं होतं. बायामाणसं बी. माहा भाऊ बी आला, म्हणे मॅडमची इज्जत ते आपली इज्जत."

मॅडमच्या तोंडून बारीक आवाज निंघाला, "काका... पोळी?"

"अवो, फुलोरा तं सरला ना! माश्याईचं काम झालं. आता पाहुण्याईचं. साहेबाच्या पायाखाली सरप निंघाला असता तं? त्या बाईच्या साडीले काटा लागला असता तं? तुमची मान खाली गेली असती. धुऱ्याचं काय, वाढते पुन्हा."

मजुराईच्या वस्तीचं ज्याले सगळ्यात आधी समजलं, तोच माणूस हे बोलून राहिला होता. आन् इतक्या प्रेमानं का त्याच्यापुढं रागावाले जागाच नव्हती.

खरेदीवाल्या बाई मॅडमच्या कानाशी आल्या. "मैडम, वो धुरे कहाँ हैं?"

मॅडम म्हणाल्या, "यही हैं।"

त्या बाई खाली बसल्या, एका बुडख्याचा फोटो काढला, दुसऱ्याचा काढला. उठल्या, आन् लय सभ्यपणानं म्हणाल्या, "हम बताते हैं।" हे शब्द पांढुर्ण्याच्या पोरीवाल्या बापाले विचारा, त्याचा अर्थ काय होते ते.

मोठे साहेब मात्र पाघळले. "वाह! इतना साफ़ गाँव तो मैंने देखा ही नहीं!" मॅडमले द्याले त्याईनं गाडीतून बक्षिसाची एक ढाल आणली होती, लाकडाची, मधात पितळेचं झाड. साहेबाच्या मनात काय आलं तं ती त्याईनं माइकवरून गावालेच देऊन टाकली, स्वच्छतेसाठी. नामदेवरावनं दोन्ही हातानं घेतली आन् मॅडमच्या पायापाशी ठेवली. डफडं जोरात वाजलं. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. मी त्याईच्या हाताकडं पाहात होतो. हात वाजत होते, आवाज येत नव्हता.

पाहुणे गेले. बुंदी आन् चिवड्याचे द्रोण फिरले. कोणी तरी ओरडलं, "भोंग्या, मॅडमची नक्कल!" सगळे मागं लागले. मॅडम खुर्चीवर बसून बुंदीचा एकेक दाणा उचलत होत्या. मी माइक घेतला, चष्मा कपाळावर टेकवल्यासारखा केला, शोधला, "कोठी गेला बे?" गाव लोटपोट. पुऱ्या लाटणाऱ्या बाया केल्या, सेठचं बीपी केलं. लोक पोट धरून हसून राहिले होते. आन् मंग माह्या तोंडातून मॅडमचा आवाज आपोआपच पुढं चालाले लागला. जे त्या म्हणत नव्हत्या ते.

"शाब्बास काका! एक काडी नाई ठेवली! मजुराईची वस्ती जाळली आन् राखेवर रांगोळी काढली! पाहुणी कचरा पाहाले आली होती, कचरा! तोच तुमचा भाव होता. आता ही ढाल चाटा सालभर. मी इतकी वर्षं गाढवाईपुढं बोलत होतो का?"

पहिले दोन वाक्य लोक हसले. मंग हसणं जागच्या जागी वाळलं. आवाज हुबेहूब होता, तोच घात झाला. नामदेवराव माह्याकडं नाई, मॅडमकडं पाहून राहिले होते. हातातला द्रोण वाकडा झाला, बुंदी सांडली. त्याईच्या बायकोनं, पार्बताबाईनं, पदर तोंडावर घेतला. त्या माणसाले तेव्हा समजलं आपण काय केलं ते, साऱ्या गावासमोर, आन् ते बी मॅडमच्या तोंडून.

मॅडम उठल्या, माह्या हातातून माइक घेतला.

"पोट्ट्याले होळीची चढली आहे अजून. मी असं काहीच म्हणत नाई. गाव लय सुंदर केलं तुम्ही. माह्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं." आन् नामदेवरावच्या बाजूले जाऊन बसल्या, त्याईच्या वाकड्या द्रोणातली उरलेली बुंदी खाल्ली.

मॅडमले खोटं बोलताना मी तेवढ्या एकाच वेळी ऐकलं. अर्धं खोटं, अर्धं खरं. कोणतं कोणतं, ते मले तेव्हा नाई समजलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्यात काही दम नाई. खरेदीवाल्यांचा निरोप आला, अगले सीज़न देखेंगे. सेठनं माल पहिल्यासारखा उक्ता उचलला. शेजारची गावं म्हणाली, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो? काही धुऱ्यावर आता तार आहे, काहीवर सिमेंटचे खांब. ढाल पंचायतीत टांगली आहे. मॅडमच्या संस्थेनं त्याईले परत बोलावलं, आन् ऐकतो का त्याईनं आमच्या धुऱ्यावर लिहिलेलं आता विदेशात शिकवतात. तिथल्या पोट्ट्याईले आमच्या बोराच्या झाडाचं पाठ आहे. झाड नाई.

आन् मी जे माइकवर बोललो त्याच्यात खोटं काय होतं, हे मले अजून कोणी दाखवून द्या.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही फाट्यावर उभे होतो. मॅडमले सौंसरची बस पकडाची होती. जीप त्याईनं वापस पाठवून देली होती. मले वाटलं, आता पाठीवर हात ठेवतीन, म्हणतीन का बोललास बाबू माह्या मनातलं.

"बेशरम," म्हणे.

मी बस येते का ते पाहू लागलो.

"कोणाले विचारून माहा आवाज काढला बे तू?"

"मॅडम, सगळे म्हणत होते..."

"नकलेपर्यंत ठीक होतं. शिव्या कोणाच्या होत्या? माह्या? मी देल्या त्याईले शिव्या? आता त्या म्हाताऱ्याच्या कानात मरेपर्यंत माहाच आवाज राहीन, गाढव म्हणणारा."

"पण त्याईनं तुमचं सगळं..."

"माहं काय गेलं ते तू नको सांगू मले!" आवाज इतका वर गेला का पानठेल्यावाला बाहेर आला. "माही माय या गावात निंदाले येत होती. सौंसरहून पहिल्या गाडीनं. हेच धुरे साफ कराले. पार्बताबाईच्या सासूच्या घरी तिले चहा अंगणाच्या बाहेर भेटे, कप धुवून गोठ्याच्या भिंतीवर पालथा ठेवाचा. तिले नावानं कोणी हाक नव्हती मारली या गावात. आन् आता त्याच घरच्या बाया उन्हात वाकून झाडत होत्या, रंगाऱ्याची पोरगी पाहुणे घेऊन येऊन राहिली म्हणून. हात पाहिले त्याईचे? मी काय म्हणू त्याईले? बोल ना, लय तोंड चालते तुहं. कोणत्या शास्त्रानं सांगू त्याईले का बाया हो, तुमी चुकल्या?"

माह्याकडं त्या क्षणाले कोणाचाच आवाज नव्हता.

"उद्या सकाळी जाचं. नामदेवकाकाच्या घरी. उभं राहून बोलाचं, खाली पाहून. आन् तिथी जर का माह्यासारखं बोलला ना, तं पायातली चप्पल..."

बस आली. मॅडम चढल्या, दारातून वळल्या, "तोंड धुऊन जाजो, रंग लागला आहे अजून, जोकर कुठचा." आत जाऊन खिडकीपाशी बसल्या. बस हलली तरी खिडकीतून बोट बाहेर काढून बोलतच होत्या, कपाळावर चष्मा, शर्टाची बाही वाऱ्यानं फडफडून राहिली होती. शिव्या होत्या का आणखी काही, इंजिनाच्या आवाजात मले काही ऐकू नाई आलं. मी बसच्या मागं थोडं पळालो बी.